जन्मतः दोन पाकळ्यांची झडप आणि महाधमनीचा आकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टू-डी इकोच्या अहवालात ‘बायकस्पिड एओर्टिक व्हॉल्व्ह’ असे शब्द आणि त्यांच्या खाली ‘असेंडिंग एओर्टा ४१ मिमी’ असा आकडा पहिल्यांदा वाचला, की बहुतेकांचे लक्ष झडपेवर खिळते. आकड्याकडे नजर जाते ती घरी आल्यावर, कागद पुन्हा उलगडल्यावर, आणि मग शंका सुरू होतात. हे पान मुख्यतः त्या आकड्याविषयी, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या (महाधमनीच्या) रुंदीविषयी आहे. माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येक रुग्णाचा निर्णय त्याला तपासणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो.

दोन पाकळ्यांची झडप म्हणजे नेमके काय?

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त बाहेर पडते ते महाधमनीत, म्हणजे एओर्टात. या दोघांच्या मधल्या दारावर जी झडप असते तिला सामान्यतः तीन पाकळ्या असतात. गर्भावस्थेत, पहिल्या काही आठवड्यांतच, यांपैकी दोन पाकळ्या एकमेकींपासून सुट्या झाल्या नाहीत तर झडप दोनच पाकळ्यांनी उघडते आणि मिटते. बहुतेक रुग्णांत, हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या उजव्या आणि डाव्या हृद्‌रोहिणीच्या बाजूच्या पाकळ्या जुळलेल्या आढळतात. जुळलेल्या जागी अनेकदा एक उंचवटा राहतो आणि मिटलेल्या अवस्थेत झडप तीन पाकळ्यांचीच भासते; म्हणूनच इको करणारे डॉक्टर ती उघडताना पाहतात. उघडलेली झडप त्रिकोणी न दिसता माशाच्या तोंडासारखी दिसली, की निदान पक्के होते.

हा दोष किती जणांत असतो?

साधारण शंभरातील एक ते दोन जणांत. जन्मजात हृदयदोषांपैकी हा सर्वांत जास्त आढळणारा दोष असून पुरुषांत त्याचे प्रमाण स्त्रियांच्या तुलनेत दोन ते तीन पट असते. अनेकांना चाळिशी-पन्नाशीपर्यंत काहीच त्रास होत नाही. विम्याच्या किंवा नोकरीच्या तपासणीत कोणी छातीला स्टेथोस्कोप लावतो, त्याला मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येतो आणि मग ही गोष्ट उघड होते.

एक खुलासा येथे हवा. आपल्याकडे झडपेचा आजार म्हटला की लहानपणच्या सांधेज्वराने, म्हणजे रुमॅटिक तापाने बिघडलेली झडप आठवते. ती झडप जन्मतः चांगली असते आणि नंतर खराब होते. दोन पाकळ्यांची झडप जन्मतःच तशी असते आणि तिच्यासोबत महाधमनीचा प्रश्न येतो, जो सांधेज्वराच्या रुग्णाला सहसा पडत नाही. दोघांच्या औषधांची आणि तपासण्यांची गल्लत करू नये.

दोष झडपेत असताना महाधमनी का रुंदावते?

यामागे दोन कारणे आहेत आणि त्यांतले कोणते मोठे यावर तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. पहिले कारण प्रवाहाचे. तीन पाकळ्यांच्या झडपेतून रक्त महाधमनीच्या मधोमध सरळ जाते. दोन पाकळ्यांची झडप तिरकी उघडत असल्यामुळे रक्ताची धार एका बाजूच्या भिंतीवर आदळते, आणि पाटाचे पाणी वळणावरचा बांध जसा पोखरते तशी त्या बाजूची भिंत वर्षानुवर्षांच्या माऱ्याने सैल पडते. विशिष्ट प्रकारच्या एमआरआयमध्ये ही तिरकी, भोवऱ्यासारखी धार प्रत्यक्ष पाहता येते.

दुसरे कारण भिंतीच्या घडणीचे. झडप आणि महाधमनीचा सुरुवातीचा भाग गर्भात एकमेकांच्या सान्निध्याने घडतात, त्यामुळे झडपेत चूक झाली तर भिंतीतल्या लवचीक तंतूंतही उणीव राहू शकते. काही कुटुंबांत ‘नॉच-१’ या जनुकातील बदल सापडले आहेत, मात्र बहुसंख्य रुग्णांत कोणतेही एक जनुक बोट दाखवण्याइतके स्पष्ट नसते. झडप अगदी छान चालत असूनही महाधमनी रुंदावलेले रुग्ण भेटतात, आणि झडप बदलल्यावरही रुंदी वाढत राहिलेले भेटतात. एवढ्यावरून तरी असे म्हणता येते की महाधमनीला स्वतंत्र अवयव मानून तिची स्वतंत्र नोंद ठेवायला हवी. झडप ‘माइल्ड’ आहे म्हणून महाधमनी ठीक आहे असे गृहीत धरणे ही मला वारंवार दिसणारी चूक आहे.

महाधमनीची साधारण रुंदी किती असते आणि किती म्हणजे जास्त?

प्रौढ माणसात हृदयातून वर चढणाऱ्या भागाची रुंदी बहुधा ३ ते ३.५ सेंटिमीटरच्या आसपास असते. ती पुरुषांत थोडी जास्त, उंच माणसांत थोडी जास्त, आणि वयाबरोबर प्रत्येकाचीच हळूहळू वाढते. ४ सेंटिमीटरच्या पुढे गेली की ‘रुंदावलेली’ असे म्हटले जाते. दोन पाकळ्यांची झडप असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्या लोकांत कमीअधिक रुंदी आढळते. व्याख्या कोणती धरली यावर हे प्रमाण बदलते. म्हणजेच ४१ मिलिमीटर हा आकडा या गटात दुर्मीळ नाही, आणि एवढ्यावरच कोणी शस्त्रक्रिया सुचवत नाही.

इकोमध्ये ४१ मिलिमीटर आले होते, तीन महिन्यांनी सीटीमध्ये ४४ आले. तीन मिलिमीटर वाढ झाली का?

बहुधा नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण जितकी धास्ती या फरकाने पसरते तितकी दुसऱ्या कशानेही पसरत नसावी.

इकोच्या खोलीत काय होते ते पाहा. रुग्ण डाव्या कुशीवर झोपलेला असतो, डॉक्टर छातीच्या डाव्या कडेला बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवतात, पडद्यावर हृदयाचा लांबट छेद येतो. चित्र थांबवले जाते. मग कर्सरने महाधमनीच्या एका भिंतीवर एक फुली आणि समोरच्या भिंतीवर दुसरी फुली ठेवली जाते, आणि त्या दोन फुल्यांमधले अंतर म्हणजे तुमचा आकडा. फुली भिंतीच्या बाहेरच्या कडेवर ठेवली की आतल्या, हृदय आकुंचन पावलेले असताना ठेवली की शिथिल असताना, आणि रेषा नळीला काटकोनात होती की किंचित तिरकी, यांतल्या प्रत्येक गोष्टीने एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. काकडी आडवी कापली तर चकती गोल येते आणि तिरकी कापली तर लांबट, महाधमनीचेही तसेच. सीटीच्या साध्या आडव्या छेदांवर मोजणी केली आणि नळी त्या जागी तिरकी असेल, तर रुंदी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. नळीच्या अक्षाला काटकोनात छेद घेऊन मोजणे हीच योग्य पद्धत आहे, परंतु ती प्रत्येक अहवालात वापरलेली असेलच असे नाही.

शिवाय सीटी करताना ती हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतली नसेल, तर महाधमनीचे मूळ धडधडीमुळे पुसट दिसते. कधी त्या पुसट कडेमुळे भिंत दुभंगल्याचाही, म्हणजे तिचे थर फाटून वेगळे झाल्याचाही, भास होतो.

आणखी एक गोष्ट. या झडपेसोबत रुंदी अनेकदा झडपेच्या अगदी वर नसून थोडी पुढे, महाधमनीच्या चढत्या भागाच्या मध्यावर असते. नेहमीच्या इकोत तो भाग चित्राच्या कडेला जातो. प्रोब बरगड्यांची एक फट वर सरकवला तर तो नीट दिसतो, पण तो मुद्दाम सरकवावा लागतो. म्हणून पहिल्या इकोत ३८ आणि दुसऱ्यात ४३ आले, तर पहिली शंका हीच घ्यावी की दोघांनी वेगवेगळी जागा मोजली.

यासाठी चार गोष्टी विचारून घ्याव्यात आणि फाइलवर लिहून ठेवाव्यात : तपासणी कोणती, जागा कोणती, कडा कोणती धरली, आणि आधीचे चित्र शेजारी ठेवून तुलना केली का. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे. जुना अहवाल पुरेसा नसतो. सीडी किंवा पेनड्राइव्हवरची चित्रे लागतात. ती जपून ठेवा. शक्यतो तीच तपासणी, त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने पुन्हा करावी. ३ मिलिमीटरच्या आतला फरक वेगवेगळ्या तपासण्यांमधला असेल, तर त्याला वाढ म्हणण्याआधी दोनदा विचार करावा.

मी उंचीने लहान आहे. माझ्यासाठी तोच आकडा जास्त गंभीर असतो का?

होय, असू शकतो. महाधमनीचा आडवा छेद किती चौरस सेंटिमीटर आहे ते काढून त्याला मीटरमधल्या उंचीने भागण्याची एक रीत आहे, आणि उत्तर १० किंवा त्याहून जास्त आले तर शस्त्रक्रियेचा विचार करणे योग्य मानले जाते. हिशेब करून पाहू. रुंदी ४.५ सेंटिमीटर असेल तर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १५.९ चौरस सेंटिमीटर होते. स्त्रीची उंची १४८ सेंटिमीटर असेल तर भागाकार १०.७ येतो, १७८ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषात तोच भागाकार ८.९ येतो. आकडा एकच, अर्थ दोन. आपल्याकडे दीड मीटरच्या आतबाहेर उंचीच्या स्त्रिया पुष्कळ असल्यामुळे केवळ पाश्चात्त्य सरासरीवर बेतलेला सेंटिमीटरचा उंबरठा वाचून निश्चिंत होणे बरोबर नाही, असे माझे मत आहे. अर्थात ही आकडेमोड घरी करून घाबरण्यासाठी नाही, डॉक्टरांना ‘माझ्या उंचीच्या हिशेबाने किती येते?’ असे विचारण्यासाठी आहे.

अहवालात ‘रूट’ आणि ‘असेंडिंग’ असे दोन आकडे आहेत. कोणता महत्त्वाचा?

दोन्ही. ‘रूट’ म्हणजे महाधमनीचे मूळ, झडपेलगतचा फुगीर भाग, जिथून हृद्‌रोहिण्या निघतात. ‘असेंडिंग’ म्हणजे त्याच्या वरची सरळ नळी. या रुग्णांत बहुतेकदा वरची नळी रुंदावते. काहींत, विशेषतः तरुण पुरुषांत आणि झडप गळत असेल तर, मुख्यत्वे मूळच रुंदावते. हा प्रकार अधिक जोखमीचा समजला जातो आणि त्यात शस्त्रक्रियेचा विचार थोडा आधी होतो.

रुंदी किती वेगाने वाढते आणि तपासणी किती दिवसांनी करावी?

बहुतेकांत ती वर्षाला मिलिमीटरच्या काही अंशांनी वाढते आणि अनेकांत वर्षानुवर्षे जवळजवळ जागची हलत नाही. वर्षाला ३ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढ, तीही एकाच पद्धतीने मोजलेली, ही वेगवान समजतात. महाधमनी ४ सेंटिमीटरच्या पुढे असेल तर आयुष्यभर ठरावीक अंतराने पाहावे लागते, ४.५ च्या पुढे साधारण दरवर्षी. पहिल्यांदा रुंदी सापडली की एकदा सीटी किंवा एमआरआय करून संपूर्ण महाधमनी पाहून घेतात आणि इकोचा आकडा तिच्याशी जुळतो का ते तपासतात. जुळत असेल तर पुढची बरीच वर्षे इकोवर काम भागते. तरुणांत वारंवार चित्रे लागणार असतील तर किरणोत्सर्ग नसलेला एमआरआय बरा.

महाधमनी फाटण्याचा धोका खरोखर किती असतो?

याचे एक चांगले उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड काउंटीतून मिळाले. तेथील दोन पाकळ्यांची झडप असलेल्या ४१६ लोकांचा सरासरी १६ वर्षे मागोवा घेतला गेला आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एवढ्या काळात दोघांची महाधमनी दुभंगली. हिशेबाने सांगायचे तर अशा १० हजार लोकांना एक वर्ष पाहिले तर सुमारे तिघांत ही घटना घडेल. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत हा धोका आठ पटींहून अधिक होता. ‘आठ पट’ हे शब्द वर्तमानपत्री मथळ्यात भयंकर वाटतात, आणि ‘१० हजारांत तीन’ हे धीर देणारे वाटतात. दोन्ही एकाच अभ्यासातले आहेत आणि दोन्ही खरे आहेत. ज्यांची महाधमनी सुरुवातीलाच बरीच रुंदावलेली होती त्यांच्यात हे प्रमाण १० हजारांत सुमारे ४५ होते. त्याच अभ्यासात २५ वर्षांत साधारण चौघांपैकी एकाला महाधमनीची शस्त्रक्रिया करावी लागली. मृत्यूचे प्रमाण मात्र इतर लोकांपेक्षा वाढलेले नव्हते. माझ्या वाचनाप्रमाणे याचा अर्थ असा, की पाळत ठेवली आणि वेळेवर शस्त्रक्रिया केली तर या रुग्णांना जवळपास इतरांएवढे आयुष्य मिळते.

शस्त्रक्रिया नेमक्या किती रुंदीला करतात?

अमेरिकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५.५ सेंटिमीटर किंवा अधिक रुंदी असेल तर शस्त्रक्रिया करावी. ५ ते ५.४ च्या दरम्यान जोखीम वाढवणारी एखादी गोष्ट सोबत असेल, म्हणजे घरात कोणाची महाधमनी दुभंगलेली असेल, वाढ वेगवान असेल, महाधमनी पुढे एका जागी आकसलेली असेल किंवा मुळाचा भाग रुंदावलेला असेल, तरीही करणे योग्य ठरते. झडपेसाठी छाती उघडायचीच असेल तर ४.५ सेंटिमीटरलाही महाधमनी सोबतच बदलण्याचा विचार होतो, कारण काही वर्षांनी दुसऱ्यांदा छाती उघडणे अधिक जोखमीचे असते.

हा उंबरठा बदलत आला आहे. २००६ च्या अमेरिकन सूचनांत ५ सेंटिमीटरच्या पुढे शस्त्रक्रिया सांगितली होती. २०१४ मध्ये तो आकडा ५.५ वर नेला. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगवेगळे आकडे सांगितले तर दोघांपैकी एक चूकच असला पाहिजे असे नाही.

पण ५.५ च्या आतच अनेकांची महाधमनी फाटते असे ऐकले आहे. मग थांबायचे कशाला?

ऐकलेले खरे आहे. महाधमनी दुभंगलेल्या रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत निम्म्याहून जास्त जणांची रुंदी ५.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आढळली होती. यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, जगात ४ ते ५ सेंटिमीटर रुंदीची माणसे ६ सेंटिमीटरवाल्यांच्या कैक पटींनी जास्त आहेत, त्यामुळे प्रत्येकाचा धोका अत्यल्प असूनही एकूण संख्या मोठी दिसते. गावातल्या बहुतेक अपघातांत दुचाकी असते ती दुचाक्याच जास्त असल्यामुळेही. दुसरी, या सगळ्यांवर आधीच शस्त्रक्रिया करायची म्हटली तर शस्त्रक्रियेचाच धोका, कितीही कमी असला तरी, वाचवलेल्या जिवांपेक्षा जास्त जीव घेईल. रुंदी ६ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचली की धोका एकदम चढतो, हे अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसले आहे. त्याच्या थोडे अलीकडेच शस्त्रक्रिया करावी असा हा हिशेब आहे. भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्येबरोबर वाढतो आणि भिंत पातळ होत जाते तसा आणखी वाढतो. सायकलची ट्यूब जिथे फुगते तिथेच आणखी फुगत जाते, तसेच.

गोळ्यांनी रुंदी कमी होते का?

नाही. रुंदावलेली महाधमनी पूर्ववत करणारे औषध नाही, आणि या झडपेच्या रुग्णांत वाढ निश्चितपणे थांबवते असे सिद्ध झालेले औषधही नाही. गोळ्या असतात त्या रक्तदाबासाठी. दाब १३० वर ८० च्या आत ठेवायचा. त्यासाठी बीटा ब्लॉकर किंवा लोसार्टनच्या गटातील गोळ्या बहुधा निवडतात. घरी दाब मोजण्याचे यंत्र घेऊन आठवड्यातून दोनदा मोजलेले आकडे वहीत लिहिले, तर ते दवाखान्यातल्या एका धावत्या मोजणीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

तंबाखू बंद करावी. यात बिडी-सिगारेटबरोबर मिश्री आणि तोंडात धरलेली चिमूटही आली.

कोणती औषधे टाळावीत?

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविके. महाधमनी रुंदावलेल्या रुग्णांत, दुसरा पर्याय असेल तर, ती देऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०१८ मध्ये दिला. आपल्याकडे जुलाब किंवा लघवीच्या जळजळीवर मेडिकलवाल्याकडून याच गोळ्या चिठ्ठीशिवाय घेतल्या जातात, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते. गोळी देणाऱ्याला ‘माझी महाधमनी मोठी आहे’ एवढे वाक्य सांगावे.

व्यायाम, वजन उचलणे, पायी वारी यांचे काय?

चालणे, हलके पळणे, पोहणे, सायकल हे बहुतेकांना चालते, उलट हवेच असते. दाब आटोक्यात असेल, झडप फारशी अरुंद नसेल आणि रुंदी थोडीच वाढलेली असेल, तर पायी वारीला जाण्यात तत्त्वतः अडचण नाही. गोळ्यांचा डबा सोबत हवा आणि ऊन-पाण्याचे भान हवे.

अडचण आहे ती श्वास कोंडून जोर लावण्यात. जड वजन उचलताना माणूस श्वास रोखतो आणि त्या काही सेकंदांत रक्तदाब अतिशय चढतो. जिममधली जड बारबेल, कुस्ती, गोणी पाठीवर घेणे, भरलेले सिलिंडर एकट्याने जिना चढवणे, हे सगळे एकाच जातीचे आहे. साधा नियम असा, की जे उचलताना तोंडातून ‘हुं’ असा आवाज निघतो ते उचलू नये. हमाली किंवा तत्सम कामावर पोट असलेल्या माणसाला हे सांगणे सोपे नसते. त्याच्या बाबतीत काम बदलण्याविषयीचे पत्र आणि शस्त्रक्रियेचा थोडा लवकर विचार, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांशी स्पष्टपणे बोलाव्यात. रुंदी ४.५ च्या पुढे असेल तर स्पर्धात्मक खेळ सहसा थांबवतात.

गर्भधारणा सुरक्षित आहे का?

बहुतेक स्त्रियांना सुरक्षित असते, मात्र दिवस राहण्याच्या आधी महाधमनीचे माप घेतलेले असावे. गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत महाधमनीवर जास्त भार येतो. या झडपेसोबत रुंदी ५ सेंटिमीटरच्या पुढे असेल तर आधी शस्त्रक्रिया आणि मग गर्भधारणा असा सल्ला दिला जातो. लग्न ठरवताना ही माहिती लपवली जाते आणि मग सातव्या महिन्यात पहिल्यांदा इको होतो, हे टाळता येण्यासारखे आहे.

टर्नर सिंड्रोम आणि महाधमनीचे आकसणे यांचा येथे काय संबंध?

टर्नर सिंड्रोममध्ये मुलीला एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः कमी असते आणि अशा मुलींत दोन पाकळ्यांची झडप पुष्कळदा आढळते. त्यांची उंची कमी असल्यामुळे सेंटिमीटरचा आकडा फसवा ठरतो. शरीराच्या पृष्ठफळाने भागून प्रति चौरस मीटर २.५ सेंटिमीटर ही रेषा त्यांच्यासाठी धोक्याची मानतात. महाधमनी छातीत पुढे एका जागी आकसलेली असेल, ज्याला कोआर्क्टेशन म्हणतात, तर हातातला दाब जास्त आणि पायातला कमी लागतो. तरुण वयात वाढलेला रक्तदाब आणि ही झडप एकत्र दिसली तर दोन्ही हातांत आणि पायात दाब मोजायलाच हवा. पाच मिनिटांचे काम आहे आणि ते सर्वांत जास्त राहून जाते.

माझ्या मुलांची आणि भावंडांची तपासणी करावी का?

होय. आईवडील, सख्खी भावंडे आणि मुले यांपैकी साधारण दहातील एकाला हाच दोष असतो, आणि कधी झडप चांगली पण महाधमनी रुंदावलेली असे सापडते. एक साधा इको पुरतो.

लहान मुलांचे माप सेंटिमीटरमध्ये वाचू नये. वाढत्या वयात महाधमनीही वाढणारच, म्हणून मुलाच्या आकारमानाच्या तुलनेत तिचे स्थान ‘झेड स्कोअर’ने सांगतात. लहानपणी महाधमनी दुभंगणे अत्यंत दुर्मीळ आहे. मुलाला खेळापासून तोडण्याची घाई करू नये.

दात काढण्याआधी प्रतिजैविक घ्यावे लागते का?

केवळ दोन पाकळ्यांची झडप आहे म्हणून सरसकट घेण्याची गरज २००७ पासूनच्या अमेरिकन सूचनांत राहिलेली नाही. कृत्रिम झडप बसवली असेल किंवा झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल तर मात्र घ्यावे लागते. या झडपेला संसर्गाचा धोका असतो हे विल्यम ऑस्लर यांनी १८८६ मध्येच नोंदवले होते, म्हणून हिरड्या आणि दात नीट ठेवणे आणि आठवडाभर न उतरणारा ताप अंगावर न काढणे, हे सर्वांनाच लागू आहे.

कोणत्या लक्षणांना क्षणभरही थांबू नये?

छातीत, पाठीत किंवा दोन खांद्यांच्या मध्ये अचानक उठलेली, पहिल्याच क्षणी कळस गाठणारी, चिरत गेल्यासारखी कळ. सोबत घेरी, एका हातापायात बधिरपणा, बोलण्यात अडखळणे असू शकते. तिला पित्त समजून सोडा पिऊन पडून राहू नये. १०८ ला फोन करावा आणि पोहोचताच पहिले वाक्य हे सांगावे : ‘मला दोन पाकळ्यांची झडप आहे, महाधमनी रुंद आहे.’ हे सांगण्याला कारण आहे. छातीतली कळ म्हणजे हृदयविकाराचा झटका असे समजून रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले आणि प्रत्यक्षात महाधमनी दुभंगलेली असली, तर ते घातक ठरू शकते. चढत्या भागाची महाधमनी दुभंगल्यावर पहिल्या काही तासांत दर तासाला धोका वाढत जातो. निदानासाठी सीटी अँजिओग्राफी लागते. ताज्या अहवालाचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवावा.

शस्त्रक्रियेत काय करतात?

झडप चांगली असेल आणि फक्त वरची नळी रुंद असेल तर तेवढा भाग काढून डेक्रॉनच्या कापडाची नळी शिवतात. मूळही रुंद आणि झडपही खराब असेल तर झडप जोडलेली नळी बसवून हृद्‌रोहिण्या तिच्यात पुन्हा रोवतात. बेंटॉल आणि डी बोनो यांनी १९६८ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया ‘बेंटॉल’ याच नावाने ओळखली जाते. मूळ बदलायचे पण झडप वाचवायची, अशीही एक रीत आहे; ती निवडक रुग्णांत आणि अनुभवी हातांतच करावी.

धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासत राहावे लागते. प्राण्याच्या ऊतीची झडप घेतली तर गोळीतून बहुधा सुटका होते, पण ती काही वर्षांनी झिजते. पस्तिशीतल्या माणसाने यातून निवड करणे सोपे नाही, आणि गावात आयएनआर करणारी प्रयोगशाळा आहे का हा प्रश्न त्या निवडीत वैद्यकीय मुद्द्याइतकाच वजनदार असतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली भारतीय यांत्रिक झडप १९९० पासून वापरात आहे. किमतीचा विचार करताना तिच्याविषयीही शल्यविशारदांना विचारावे.

माझी झडप काही वर्षांपूर्वी बदलली, महाधमनी तेव्हा ४२ मिलिमीटर म्हणून ठेवली होती. आता ती पाहायची का?

हो, पाहायची. नवीन झडपेने धार बरीचशी सरळ होते आणि एवढ्या रुंदीची महाधमनी पुढे दुभंगण्याचे प्रमाण कमी असते, पण भिंत तीच जुनी आहे. झडपेच्या फेरतपासणीला गेल्यावर इको करणारे डॉक्टर नव्या झडपेचे दाब मोजतात आणि अहवाल तेथेच संपतो, असे बऱ्याचदा होते. म्हणून टेबलावर आडवे होण्यापूर्वीच सांगावे, ‘डॉक्टर, वरची महाधमनीही मोजा आणि मागच्या वेळेच्या आकड्याशेजारी लिहा.’